झऱ्यांची हजेरी

दर रविवारी सकाळी साडेनऊला आमचे शेजारी खरेकाका इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये बसून सह्याद्रीतल्या झऱ्यांची हजेरी घेतात.

जेवणाच्या टेबलावर चिकटपट्ट्यांनी जोडलेला जुना नकाशा पसरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि एकेका पाड्यावर फोन लावायचा. कानाने दगा दिल्यामुळे फोन कायम स्पीकरवर. "वरचा झरा? हजर. कड्याखालचा? रजेवर, बरं." कायमच्या आटलेल्या झऱ्यावर पेन्सिलीने फुली. फुली मारली की दिवसभर कोणाशी बोलत नाहीत. यंदा फुल्या फार झाल्या.

काका तिकडे सरकारी सर्व्हेअर होते. काकू गेल्यावर मुलीकडे, मीनलकडे आले. इथलं त्यांना काहीच पटत नाही. "अरे, हे गाव कंपासने काढलंय, पायांनी नाही." मी त्यांना डॉक्टरकडे नेताना प्रत्येक राउंडअबाउटला ते मला वळणाचे अंश सांगतात. मीनल मागून म्हणते, "बाबा, प्लीज. त्याने जीपीएस लावलाय."

शेवटचा फोन नेहमी जंगलाकडेच्या एका पाड्यावरच्या चंद्राबाईंना. त्याआधी काका पाणी पितात, घसा साफ करतात. मला वाटायचं, काहीतरी जुनी गोड भानगड असावी. तसं एकदा चिडवलंही. ते हसले नाहीत.

गेल्या रविवारी मी चहाला तिथेच होतो. चंद्राबाई म्हणाल्या, आमचाबी आटला. काकांनी पेन्सिल उचलली नाही. नकाशावरच्या हिरव्या पट्ट्याच्या कडेवर बोट ठेवून बसून राहिले.

"बाई, एक सांगायचं राहिलंय. राखीव जंगलाची हद्द तिथे मीच आखली. झरा आत गेला, तुमचा पाडा बाहेर राहिला. साहेबांनी सांगितलं, मी रेघ ओढली. हंडाभर पाण्यासाठी तुम्ही गार्डच्या शिव्या खाल्ल्या, त्या माझ्यामुळे."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"ठावं हाय की," चंद्राबाई म्हणाल्या. "मोजणीची साखळी तुमच्याच हातात व्हती. मी वरनं बघत व्हते."

काकांनी विचारलं, "मग इतकी वर्षं माझा फोन का घेत होतात?"

"दुसरं कोण इचारतंय आमाला?" मग त्या म्हणाल्या, "जेवलात का, सायेब?"

काकांनी चष्मा काढून नकाशावर ठेवला. मीच पुढे होऊन सांगितलं, अजून नाही, पण जेवतील आता.