एका संगणकातील चार संगणक

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारा श्रीपाल मगदूम हा इसम १९९९ च्या श्रावणात २००० सालच्या जानेवारीत जाऊन परत आला. हे विधान माझे नव्हे, त्याचे आहे. जिन्यावर, हातात दुधाची पिशवी धरून, त्याने ते माझ्या तोंडावर केले.

"आवं काका, लय बेकार हाय तिकडं," तो म्हणाला. "तासगावचा समदा बेदाणा शंभर वर्षं म्हातारा झालाय. पेटीवर साल पडतंय एकोणीसशे. कोण खाणार?"

आणि पुरावा म्हणून त्याने बेदाण्याच्या पेटीवर लावायची छापील चिठ्ठी खिशातून काढली. सातारच्या कचेरीत उभी हयात शिरस्तेदारीत घालवलेल्या माणसास न उजाडलेल्या दिवशी छापलेला, साल मात्र शंभर वर्षे मागचे असा कागद दाखवणे, हे धारिष्ट्य म्हणायचे की निर्बुद्धपणा? असा कागद तयार करण्यास कायदा काय म्हणतो, हे मी त्यास तेथेच सुनावले आणि दुपारी संस्थेचा सचिव या नात्याने लेखी कळवले. ती नोटीस क्रमांक नऊ.

मगदूम हा मूळचा तासगावकडील शेतकऱ्याचा मुलगा. इंजिनिअर झाला, पुण्यास नोकरी केली, ती सोडून इकडे आमच्या विश्रामबागेत भाड्याच्या जागेत एकटाच राहू लागला. व्यापाऱ्यांना संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देणे हा त्याचा उद्योग. पुण्याहून आणलेल्या एका सीडीच्या बळावर त्याने आपल्या संगणकाच्या पोटात आणखी संगणक निर्माण केले होते. त्यांना खोके नाही, पडदा नाही. परंतु घड्याळ स्वतंत्र, चुका स्वतंत्र आणि दरवाजा बंद. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा एक, माधवनगरच्या कापड दुकानाचा एक, साताऱ्याच्या डॉक्टरांचा एक. डॉक्टरांच्या खऱ्या संगणकात जे जे दोष होते, ते या महाशयांनी आतल्या संगणकातही श्रद्धापूर्वक बसवले होते. मग तेथे घड्याळ पुढे दोन हजार सालात सरकवायचे, प्रोग्रॅम कोसळवायचा, आणि काय मोडले ते पाहून दुरुस्त करायचे.

"आधी आत, मग बाहेर," हे त्याचे पालुपद. "आत आग लागली तरी बाहेर धूर येत न्हाई, काका."

हे वेड संगणकापुरते राहिले असते तर मी लेखणी उचलली नसती. परंतु हा गृहस्थ नवी चप्पल आठ दिवस घरातल्या घरात घालून फिरे. खालच्या मजल्यावर आमच्या डोक्यावर त्याची फटक-फटक चाले. दुधाला विरजण लावायचे तर आधी वाटीत, ते लागले तर पातेल्यात. जिन्यात नवी बादली ठेवण्यापूर्वी जुनी बादली महिनाभर त्या जागी ठेवून कोण अडखळते ते पाहिले. मी अडखळलो. नोटीस क्रमांक चार.

एकाही नोटिशीस त्याने उत्तर दिले नाही. भेटला की मान लववून, "मिळाली बरं का काका," एवढेच म्हणे. उत्तर न देणाऱ्या माणसाचा मला जेवढा संताप येतो, तेवढा खोटे उत्तर देणाऱ्याचाही येत नाही.

अखेर तो माझ्या कचाट्यात सापडला. पूर्वी शेजारच्या जिन्यात एकाने दहा संगणकांचा क्लास काढला होता आणि सायकलींमुळे आम्हाला घरात शिरणे मुश्किल झाले होते. तेव्हापासून संस्थेचा ठराव आहे, आणि त्याचा मसुदा माझाच आहे: राहत्या घरात संगणक एकच, अधिक आढळल्यास जागा व्यावसायिक समजून भाडेकरूने महिन्याच्या आत खाली करावी. आणि मगदूम तर फोनवर सर्व इमारतीस ऐकू जाईल अशा आवाजात सांगत असे, "तासगावचं बंद केलंय, साताऱ्याचं चालू हाय, चारी मशिनं झकास!" चार! स्वमुखे दिलेली कबुली. तेवीस क्रमांकाच्या नोटिशीने मी त्यास कळवले की रविवारी सकाळी अकरा वाजता पंचांसमक्ष मोजणी होईल.

पंच म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरील कांबळे गुरुजींना घेतले. निवृत्त मुख्याध्यापक, अक्षर मोत्यासारखे, जीभ मात्र कात्रीसारखी.

"अण्णा, मोजणार काय तुम्ही?" जिना चढताना ते म्हणाले. "गाभण म्हशीची मोजणी एक करायची का दोन?"

मी मगदुमाच्या दाराची कडी वाजवली.

खोलीत टेबल एक, खुर्ची एक, खोके एक, पडदा एक. पाहुण्यास बसायला काही नव्हते. मगदुमाने घाईने कॉट मोकळी केली.

"काका, घर जाईल का हो?" त्याने विचारले. "दुसरीकडं एकट्याला कुणी जागा देत न्हाई. चार महिने हिंडलोय मी."

"ते मोजणीअंती ठरेल," मी म्हणालो. "एकेक उघडा."

त्याने तासगाव उघडले. पडद्यात पडदा आला, बेदाण्याची यादी आली. मी लिहिले: एक. माधवनगर. दोन. साताऱ्यास वेळ लागला. तोवर गुरुजींनी पंख्याकडे पाहत जांभई दिली. तीन.

"चौथा?"

"तो गिऱ्हाइकाचा न्हाई. राहू द्या."

"पंचनाम्यात 'राहू द्या' हा शब्द नाही."

त्याने उघडला. कोपऱ्यात नाव होते: काका.

आत माझ्या नोटिसा होत्या. एकूण एक, क्रमांक आणि तारखेसह, त्याने स्वतः टाइप केलेल्या. प्रत्येकीखाली उत्तर होते. माझा चष्मा खाली राहिला होता, म्हणून गुरुजींनी वाचले.

"'क्रमांक चार मिळाली. बादली हलवली. तुमच्या गुडघ्याला लागलं का, ते नोटिशीत न्हाई.'" गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि पुढे वाचले. "'क्रमांक सतरा मिळाली. या खेपेला अक्षर हललंय. डोळे दाखवून घ्या. माझ्या आईचं असंच झालं होतं, आम्ही उशीर केला.'"

पुढचे त्यांनी मोठ्याने वाचले नाही.

"अरे, मग हे पाठवलं का नाहीस?" त्यांनी विचारले.

"आत तपासत होतो, गुरुजी."

"काय तपासत होतास?"

मगदूम कीबोर्डावरची धूळ बोटाने पुसू लागला. "काकांच्या प्रत्येक नोटिशीत खाली लिवलेलं असतंय, सात दिवसांत उत्तर न आल्यास पुढील नोटीस काढण्यात येईल. आणि येती. एकदाबी चुकली न्हाई. आईच्या माघारी दाराखालनं दुसरं काय येतंय माझ्या? लाइटचं बिल. उत्तर आत लय वेळा देऊन बगितलं. दर वेळी विषय मिटतोय."

मी फौंटनपेनचे टोपण काढले, आधीचे एक, दोन, तीन हे आकडे खोडले, खोडाखोडीवर नियमाप्रमाणे सही केली आणि लिहिले: प्रत्यक्ष मोजणीअंती संगणक नग एक.

"आणि आतले?" गुरुजींनी विचारले. त्यांना सर्व ठाऊक असते, तरी विचारतात.

"पंचनाम्यात हातास लागते तेवढेच लिहितात. सही करा."

हा माणूस मूर्ख आहे हे माझे मत आजही कायम आहे. त्याच दुपारी मी नोटीस क्रमांक चोवीस लिहिली आणि त्याच्या दाराखालून सरकवली. तिचा मजकूर येथे देतो:

'आपणांस आजवर तेवीस नोटिसा देण्यात आल्या असून एकीचेही उत्तर प्राप्त झालेले नाही, ही बाब गंभीर आहे. गुडघ्यास लागले होते. डोळे अद्याप दाखवलेले नाहीत. तरी आपण सात दिवसांच्या आत, आत न तपासता, स्वहस्ताक्षरात उत्तर द्यावे. उत्तर आले म्हणून पुढील पत्रव्यवहार बंद होईल, असा आपला समज असल्यास तो चुकीचा आहे.'