रुस्तुमकाकांचा ज्वारीदाणा

सेनगावजवळच्या आमच्या गोरेगावात रुस्तुमकाकांकडे घड्याळ दुरुस्तीला नेलं की आधी डोळे मिटावे लागतात. काका काच काढलेली एखादी डायल हातावर ठेवतात आणि म्हणतात, "बोट फिरवा. काय लागलं?" बरोबर उत्तर दिल्याशिवाय सेल बदलून मिळत नाही.

परदेशातल्या लाखमोलाच्या घड्याळांच्या डायली ते मोबाईलवर तासन्‌तास पाहतात. त्यांवर कोरलेल्या बारीक नक्षीला त्यांनी आपल्या सोयीनं नावं ठेवली आहेत. सूर्यकिरणं, टोपलीची वीण आणि सगळ्यात लाडका ज्वारीदाणा. शिलाई मशीनच्या चाकापासून एक कोरायचं यंत्रही त्यांनी बनवलंय. सराव मात्र गिऱ्हाइकांच्या घड्याळांवर चालतो.

माझं लग्नातलं घड्याळ मी फक्त सेल टाकायला दिलं होतं. आठवड्यानं मिळालं तेव्हा डायलभर ज्वारीदाणा पिकला होता आणि आकडे गायब.

"आकडे काहून काढले?"

"मधी येऊन राहिले व्हते, गुरुजी. टाइम काय, मोबाईल बी सांगते."

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनं मी त्यांच्या घरी गेलो. काका नव्हते. काकू ओट्यावर बसल्या होत्या. चार वर्षांपासून त्यांना दिसत नाही. हातात बिनकाचेचं घड्याळ होतं आणि डायलवर प्रत्येक तासाला वेगळी नक्षी, काटा कुठं आहे ते बोटाला कळावं म्हणून. आमच्या घड्याळांवरचा सराव यासाठी होता तर.

"चार वाजले," काकू बोट फिरवून म्हणाल्या. बरोबर होतं. मी तोंड भरून कौतुक केलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांला सांगू नका, गुरुजी. हळद काढून काढून बोटं मेलीत माझी. रेघा लागतच न्हाईत. सेनगावची जीप चारला हॉर्न देते, त्यावरून सांगते."

मी भांडण तिथंच सोडलं. संध्याकाळी दुकानात गेलो आणि काकूंना वेळ कशी अचूक कळते, हे काकांना मुद्दाम सांगितलं. काका एका डायलवर कोरता कोरता म्हणाले,

"मंगळवारी जीप आलीच न्हाई. पाच झाले तरी हिचे चार वाजेनात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, माझीच रेघ चुकली. नवी डायल करतो, खोल रेघांची." त्यांनी ती अर्धवट डायल माझ्या हातावर ठेवली. "डोळे मिटा. काय लागलं?"

"ज्वारीदाणा," मी म्हणालो. डोळे भरून आले होते, म्हणून थोडा वेळ तसेच मिटून ठेवले.