शेजारी बसाय मानूस पायजे

राजगडाखालच्या आमच्या पालीत सोपानतात्या रविवारी सकाळी रस्त्यावर मानसं धरत्यात. म्हंजी खरोखर, मनगट धरून. राजगडाला निघालेली पुन्याची पोरं गुमान त्यांच्या सतरंजीवर बसत्यात. त्यांना वाटतं, गडाचं तिकीट हितंच फाडत्यात.

"दोन मिन्टं टेक. तुज्यासाठी मागायचं ऱ्हायलंय," तात्या म्हनत्यात.

तात्या सरळपंथाचे. त्यात मूर्ती न्हाई, पुजारी न्हाई, नवस न्हाई. नेम एकच. देवाकडं सोतासाठी काय मागायचं न्हाई, शेजारी बसलेल्यासाठी मागायचं. मंग त्यानं आपल्यासाठी. म्हनून एकट्याची प्रार्थना होतच न्हाई.

आदी निम्मा गाव त्यात व्हता. त्यांच्यामुळंच जत्रंतलं बोकड बंद झालं, हुंडा गेला, लग्नात समद्यांची एकच पंगत बसाय लागली. आता पुरा गावच तसा वागतो. मंग पंथात कोन कशाला जाईल? म्हातारी मानसं गेली, पोरं पुन्याला. ऱ्हायले तात्या आन त्यांची लांबलचक सतरंजी.

माजी च्याची टपरी समोरच. गिऱ्हाईक नसलं की मी सापडतो. तात्यांनी माज्यासाठी अक्कल मागितली, बायको मागितली, दारू सुटू दे म्हनले. बायको आली, तिनं अक्कल बघितली, माहेरी गेली. दारू हाय अजून. ह्यात देवाचा दोष न्हाई, मालच तसला.

माजी पाळी आली की मी डोळं मिटून नुस्तं व्हट हलवायचो. डोक्यात भज्याचं तेल.

परवाच्या रविवारी धुकं लई. एक बी गाडी आली न्हाई. दुपार झाली तरी तात्या सतरंजी गुंडाळंनात, रस्त्याकडंच नजर. मी तेल ग्यासवर तसंच टाकून गेलो, बसलो.

त्यांनी माज्यासाठी मागितलं. पुन्यांदा दारूचंच. मंग माजी पाळी.

"तात्या, तुमच्यासाठी काय मागू?"

"त्ये इचारायचं नसतं, बबन. शेजाऱ्यानं वळखायचं असतं."

मला गिऱ्हाईकाला साखर किती लागती त्ये वळखाय येत न्हाई. तरी तात्यांचं त्वांड बघितलं. मंग मोकळी सतरंजी बघितली.

"द्येवा," म्या मोठ्यानं म्हनलं, "ह्यांच्या शेजारी दर रविवारी कुनीतरी बसू दे."

तात्यांनी डोळं उघडलं न्हाईत. माजं मनगट तेवढं धरलं.

तेल करपल्याचा वास आला. मी उठलो न्हाई.