वरच्या मजल्यावरची प्रेरणा

"भीती लेखणीतून येत नसते, ती लेखकाच्या हाडांत मुरलेली असावी लागते!" असं कादंबरीकार गरजले, आणि दाराची बेल वाजताच टुणकन खुर्चीवर चढले. इस्त्रीवाला कपडे घेऊन आला होता. भयकथा ते भर दुपारीच लिहीत, आणि तीही बायको शेजारच्या खोलीत असेल तरच.

यंदा प्रकाशकांनी साफ सांगितलं होतं, "महिनाअखेर कादंबरी आली नाही, तर तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाची तरी काढू." पहिल्याच प्रकरणात रुतून बसलेली कादंबरी गेला आठवडाभर मात्र सुसाट सुटली होती. कारण होतं वरचा मजला. तो रिकामा होता. पावलं तेवढी वाजत होती.

संवाद मोठ्यानं म्हणत लिहायची त्यांची सवय. "कोण आहे तिथं?" असं ते नायकाच्या आवाजात म्हणाले, की वर खुर्ची सरकायची. "जवळ येऊ नकोस!" म्हटलं, की पावलं थेट त्यांच्या डोक्यावर येऊन थांबायची. मग शांतता. कुणीतरी कान लावून बसल्यासारखी. कादंबरीकारांना दरदरून घाम फुटे. पण पानं भरत होती, तक्रार करणार कुणाकडे?

"अहो, उंदीर असतील," बायको म्हणाली.

"उंदीर खुर्ची ओढतात होय गं?"

"मग वर जाऊन बघून या."

"मी लिहितोय ना," ते घाईनं म्हणाले.

शेवटचं प्रकरण आलं. कापऱ्या आवाजात त्यांनी वाक्य उच्चारलं, "मी तुला ओळखलंय." क्षणभर काहीच नाही. मग छतातून, एकेक शब्द तोडत, घोगरा आवाज उतरला, "मी... तुला... ओळखलंय..."

कादंबरीकारांनी फोडलेल्या किंकाळीनं बायकोच्या हातची कात्री पडली. ती तरातरा वर गेली. हे टेबलाखाली. बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली. जाताना दोन होती, येताना चार.

बायकोमागे शाल पांघरलेल्या एक वयस्कर बाई उभ्या होत्या. "या आठवड्यापूर्वीच वर राहायला आल्यात. मुख्याध्यापिका होत्या. आता कादंबरी लिहितायत," बायको म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या भुताची."

"काय करू हो," बाई म्हणाल्या, "भरदुपारी बंद खोलीत एक पुरुष स्वतःशीच भांडतो! जमिनीला कान लावून शब्दन् शब्द उतरवून घेतला. शुद्धलेखन घालून घालून मोठ्यानं म्हणत लिहायची सवय लागलीय."

"म्हणजे माझी कादंबरी!" टेबलाखालून आवाज आला.

"तुमची कशी? तुमच्या कादंबरीत माझी पावलं आहेत म्हणे."

कादंबरीकारांनी टेबलाखालून डोकं तेवढं बाहेर काढलं. "छापतंय कोण?" त्यांनी क्षीणपणे विचारलं.

बाईंनी नाव सांगितलं. प्रकाशक तेच होते. "त्यांचा एक लेखक आयत्या वेळी दगा देणारसं दिसतंय. म्हणाले, तुमचीच द्या."

कादंबरीकारांनी डोळे मिटून घेतले. बाई गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या.

"तेवढी मघाची किंकाळी पुन्हा एकदा सावकाश माराल का, भाऊ? लिहून घेताना शेवट सुटला."