थेट आभाळातून

सन दोन हजार एकवीस. त्या वर्षी ऑफिसं घरात शिरली. ज्या घरात पूर्वी फोनला कुलूप असायचं आणि परगावचा फोन आला की अख्खं कुटुंब त्याच्याभोवती श्वास रोखून उभं राहायचं, त्याच घरात आता जावई एका खोलीत बसून पगार मिळवणार होता. हे सासऱ्यांच्या काही केल्या गळी उतरेना.

"नोकरी आहे ना गं नक्की?" ते लेकीला हळूच विचारत.

नोकरी होती. जावई विमा कंपनीत होता. ठोकर बसलेल्या गाड्यांचं नुकसान ठरवणं हे त्याचं काम. गॅरेजवाला कॅमेऱ्यात चेपलेलं दार दाखवणार आणि हा घरबसल्या सांगणार, बदला की ठोकून घ्या! बायकोची शाळेतली नोकरी याच गावात, तिचं माहेरही याच गावात, आणि त्यांची तान्ही चिमी नुकतीच रांगत येऊन बापाची पँट ओढायला शिकलेली. हेड ऑफिस मात्र रात्रभराच्या प्रवासावर.

मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "सोमवारी अकराला मी स्वतः व्हिडिओवर येतोय. तासभर लाइन तुटता कामा नये. तुटली, तर बिछाना बांधून इकडे यायचं!"

"सोमवार? निवांत!" जावई बायकोला म्हणाला. त्याने महिनाभर अभ्यास केला होता. केबलवाल्याची तार गल्लीच्या तोंडाशीच थांबत होती. मोबाइलला रेंज फक्त न्हाणीघरात, तीही बादलीवर उभं राहिलं तर. उरला उपग्रह.

"बाबा, इंटरनेट थेट आभाळातून!" त्याने जेवताना जाहीर केलं. "खांब नको, तार नको. मध्ये कुणी येणारच नाही!"

सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. पुरावा मिळेपर्यंत ते उद्याच्या सूर्योदयावरही विश्वास ठेवत नसत. "आणि पक्षी?"

"अहो बाबा!"

"उन्हात तापेल हो ते बिचारं," सासूबाई कळवळून म्हणाल्या. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. तिथेच चुकलं!

कारण सासूबाईंच्या घरात उघडी वस्तू राहत नसे. फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, सोफ्याला कव्हर आणि त्या कव्हराला कव्हर. पाहुणा फाटकाशी दिसला की त्या वाऱ्यासारख्या फिरून सगळी कव्हरं उतरवत आणि पाहुण्याची पाठ फिरली की परत चढवत. घरच्यांनी सोफ्याचा खरा रंग पाहिला होता तो पाहुण्यांच्या कृपेने!

डिश बसली गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर. वर जायला लोखंडी शिडी होती. जावई खालूनच सूचना देत राहिला, कारण स्टुलावर चढलं तरी त्याला भूगोल फिरताना दिसे. सासुरवाडीत ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. सासूबाई मात्र त्या शिडीवर जिना असल्यासारख्या चढत.

पहिल्या दिवशी नेट धो धो आलं. गॅरेजवाल्याच्या मिशीतला केस न् केस दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठप्प! चेपलेलं दार पडद्यावर अर्धं येऊन गोठलं आणि त्याशेजारी गॅरेजवाल्याचं उघडं तोंड.

जावयाने कंपनीला फोन लावला, अर्थात बादलीवर उभं राहून.

"वर काही आडवं येतंय का बघा," तिकडून सल्ला आला.

"बाबा, जरा वर जाऊन बघता? आडवं काही?"

सासरे होकायंत्र घेऊन चढले. डिश चाचपून त्यांनी कोन मोजला, मग आभाळाकडे पाहिलं.

"निरभ्र! दिशाही बरोबर. सगळं जिथल्या तिथे, व्यवस्थित!"

त्यांचं काही खोटं नव्हतं. सासूबाईंनी रातोरात डिशला कव्हर शिवलं होतं. कापूस भरलेलं, बटणांचं, आणि ऊन लागू नये म्हणून आतून मोटारीच्या काचेला लावतात तो चंदेरी पत्र्यासारखा पडदा! पण या घरात कव्हराचा उल्लेख कोण करणार? माणसाने अंगात सदरा घातलाय, हे कुणी सांगतं का?

शुक्रवारी डिशवाला आला. फाटक वाजताच सासूबाई शिडी चढून कव्हर काढून आल्या. परका माणूस येणार आणि वस्तू झाकलेली? लोक काय म्हणतील!

डिशवाल्याने तपासलं. नेट धो धो.

"साहेब, चालू आहे की!"

"आत्ता नव्हतं हो!"

"मी आलो म्हणून आलं?" तो हसत गेला. तो कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच नेट गेलं. शनिवारी तीच गत. आला, आलं; गेला, गेलं!

"तुम्ही आमच्याकडेच राहायला या ना," जावई काकुळतीला आला. डिशवाल्याने त्याच्या बायकोकडे दयेने पाहिलं.

रविवारी जावयाचा संशय शेजारच्या वकिलांच्या झाडावर गेला. वकील घरी नव्हते. सासऱ्यांनी दोरी लावून मोजमाप केलं आणि फांदी छाटली. ती पडली वकिलांच्या गुलाबांवर! नेट आलं नाही. वकील आले.

सोमवार उजाडला. बायको शाळेत, सासरे वकिलांची समजूत घालायला शेजारी. अकराला पाच कमी आणि पडद्यावर नुसतं गरगर फिरणारं चाक. चिमी रांगत आली आणि तिने पँट ओढली. जावयाने तिला उचलून सासूबाईंच्या हातात दिलं, लॅपटॉप तसाच ठेवला आणि तो शिडीकडे निघाला.

एकेक पायरीला देवाचं नाव घेत तो वर पोचला. डोळे उघडले. समोर फुलाफुलांची बटणं लावलेली एक गुबगुबीत गादी आभाळाकडे तोंड करून बसलेली!

"आई!" त्याने वरून टाहो फोडला. "हे काय आहे?"

"कव्हर हो! स्वच्छ धुतलेलं आहे!" खालून उत्तर आलं.

त्याने ते ओरबाडून काढलं. खाली लॅपटॉप टुणकन वाजला आणि मोठे साहेब प्रकट झाले. जावयाने खाली पाहिलं. भूगोल फिरला. त्याने डिशच्या खांबाला मिठी मारली ती मारलीच.

साहेबांसमोर खुर्चीत होत्या सासूबाई आणि मांडीवर चिमी.

"नमस्कार! बसा ना," सासूबाई म्हणाल्या.

"बसलोच आहे. आमचा माणूस कुठाय?"

"टाकीवर. चढलेत, पण उतरत नाहीयेत."

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे गॅरेजवालाही आला आणि त्याने चेपलेलं दार पुढे धरलं. "नवीनच घालावं लागेल, साहेब."

"नवीन कशाला?" सासूबाई पुढे सरकल्या. "पोचा तर वाटीएवढा आहे. आतून लाकडी हातोडीने ठोक, सरळ होईल! आणि काय रे, गाडीला कव्हर घालायला काय होतं तुम्हा लोकांना?"

गॅरेजवाला वरमला. साहेब खुर्चीत ताठ झाले. "ताई, ते पुढचं चाक बघा बरं जरा," म्हणाले. तासाभरात सासूबाईंनी तीन गाड्या निकालात काढल्या.

"लाइन एकदाही तुटली नाही," शेवटी साहेब म्हणाले. "परवानगी दिली. माणसाला तेवढं खाली घ्या!"

त्याला खाली घेतलं ते वकिलांनी, एकेक पाऊल हाताने धरून पायरीवर ठेवत. मग गुलाबांचा राग उरला नाही. ही गोष्ट पुढे दहा ठिकाणी सांगायला मिळणार, एवढी भरपाई त्यांना पुरली.

डिशवाल्याने तो धंदा सोडला आणि आता तो चष्मे विकतो. सासूबाईंना साहेब अजून अधूनमधून फोन करतात, जावयाला कळू न देता. सासरे शेवटपर्यंत म्हणत राहिले की कोन बरोबरच होता. पुढच्या हिवाळ्यात गल्ली खणून केबलची तार थेट दारापर्यंत आली आणि डिश भंगारात गेली. हेड ऑफिसची इमारतही विकली गेली. मोठे साहेब घरी बसले आणि पंधरवड्यात त्यांच्या बायकोने त्यांना बाहेर एक खोली भाड्याने घेऊन दिली.

जावई अजून घरूनच काम करतो. चिमी आता शाळेत जाते. परवा ती आईच्या कानाशी लागून विचारत होती, "आई, सगळ्यांचे बाबा ऑफिसला जातात. आपले कधी जाणार गं?"