आधारभूत दंडघेर

कर्मचाऱ्यांच्या दंडाचा घेर हा कार्यालयीन कार्यक्षमतेचा विश्वासार्ह निदर्शक असल्याचे वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आले, आणि त्याबाबतचे परिपत्रक आमच्या अकोला कार्यालयात जूनच्या दुसऱ्या सोमवारी दाखल झाले. कार्यालय कोणतं ते मी सांगणार नाही. अजून चौदा वर्षं तिथंच काढायची आहेत.

परिपत्रक तीन पानी होतं. प्रत्येकाच्या उजव्या दंडाचा आधारभूत घेर तीस जूनपर्यंत मोजायचा, त्यावरून ज्याने त्याने आपलं 'वास्तववादी वाढीव लक्ष्य' ठरवायचं, आणि डिसेंबरअखेर फेरमोजणी करायची. डाव्या दंडाबाबतच्या मार्गदर्शक सूचना यथावकाश येणार होत्या. एरवी असला कागद मी पंख्याखाली ठेवतो, तो आपला आपण निकाली निघतो. पण तिसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं की लक्ष्य गाठणाऱ्यांच्या विनंती बदल्यांचा प्राधान्याने विचार होईल. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि कागद खणात कुलूपबंद केला.

कारण माझं घर अमरावतीला. बायको माधवी तिथं शाळेत शिक्षिका आहे, मुलगी प्राजक्ता आठवीत. पाच वर्षं झाली, मी सकाळी बडनेऱ्याला गाडी धरतो, मूर्तिजापूरला कुणी उतरलं तर बसतो, नाहीतर अकोल्यापर्यंत उभा. परत घरी पोचेपर्यंत पोरीचं जेवण होऊन ती पुस्तकात डोकं घालून बसलेली असते. मागच्या वर्षी तिला 'माझे बाबा' या विषयावर निबंध होता. दहापैकी सात ओळी तिनं रेल्वेवर लिहिल्या. बाईंनी त्याला 'छान' असा शेरा दिला, मला मात्र ते लई लागलं. बदलीचे चार अर्ज केले होते, चारही 'योग्य वेळी विचार करण्यात येईल' या शेऱ्यानिशी परत आले होते. आता सगळी मदार माझ्या दंडावर होती.

दंडाचं म्हणाल तर काय सांगावं. आईबापांनी नाव ठेवलं विपुल, आणि हातपाय देताना हात आखडता घेतला. अर्ध्या बाहीचा शर्ट घातला की एका बाहीत माझा हात आणि वारा असे दोघं आरामात मावतात.

कार्यालयप्रमुख हर्षा तराळ मॅडमनी मोजणी समिती नेमली. सदस्य-सचिव म्हणून माझं नाव घातलं, कारण बाकीच्यांनी त्या दिवशी रजा टाकली होती. पहिलीच अडचण म्हणजे कार्यालयात टेप नव्हता. खरेदीला तीन दरपत्रकं लागतात, ती येईस्तोवर दिवाळी उजाडली असती. मग मी डोकं चालवलं आणि जठारपेठेतल्या सूर्यभान टेलरला टेपसकट बोलावून घेतलं. चाळीस वर्षं लोकांची मापं घेणारा माणूस, त्याच्याहून अधिकृत कोण असणार, असं मी टिपणीत लिहिलंसुद्धा.

आता शिंप्याची माप घ्यायची एक रीत असते. तो शर्टावरूनच टेप गुंडाळतो आणि आत आपली दोन बोटं घालतो. कपडा अंगाला आवळायला नको, आणि माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही, हे त्याला ठाऊक असतं. सूर्यभाननं बत्तीसपैकी एकतीस कर्मचाऱ्यांचे दंड याच रीतीनं मोजले. मी शेजारी बसून आकडे लिहीत होतो. ती बोटं मला दिसत होती. खोटं कशाला बोलू, चांगली स्पष्ट दिसत होती. पण प्रत्येक जण आपला आकडा ऐकून असा खूश होऊन जात होता की माझ्याच्यानं बोलवलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी श्वास कोंडला, मूठ वळली आणि मुठीत कागद टोचायचं यंत्र धरलं. सूर्यभान साडेतेरा म्हणाला. मग माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहून त्याला दया आली असावी.

"चौदा लिवा सायेब," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत तुमी भरसालच."

मी चौदा लिहिले, खाली सही केली, शिक्का मारला.

शेवटी आवक-जावकचा ओमप्रकाश आला. तो बनियनवर उभा राहिला, हात सैल सोडला आणि म्हणाला, "बोटं काढा सूर्यभानजी. दंड माहा हाय, बोटं तुमची हायेत." साडेदहा भरले. सगळं कार्यालय हसलं. सर्वांत मोठ्यानं मी हसलो, चौदा इंचवाल्याला ते शोभतही होतं.

घरी जाऊन माधवीला सांगितलं की दंड चौदा इंच भरला. तिनं कणीक मळता मळता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाचा?"

यानंतर लक्ष्य ठरवायचं होतं. परिपत्रकात 'वास्तववादी' या शब्दाखाली दोन रेघा होत्या, म्हणून मी अकोल्यातच जिम चालवणाऱ्या शिवम नावाच्या पोराचा सल्ला घेतला. त्यानं मन लावून समजावलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, नीट खाऊन आणि नीट झोपून, वर्षाला अर्धा इंच वाढला तरी पुष्कळ. आरशात पाहून ठरवू नका, कारण व्यायाम झाल्या झाल्या दंड फुगतो आणि तासाभरानं उतरतो. फोटोतल्या लोकांशी तुलना करू नका, त्यांचा प्रकाश वेगळा असतो. दर वेळी त्याच जागी, त्याच वेळी, हात सैल सोडून मोजा. सगळं ऐकून मी मान डोलावली. मग त्यानं टेप काढला, तर मी म्हणालो, गरज नाही, शासकीय मोजणी झालेली आहे, चौदा आहेत. तो माझ्या बाहीकडे बघत राहिला.

"काका, मंग हे चौदा तुमी घरी ठेवून आले काय?" त्यानं विचारलं. फार आदरानं विचारलं, म्हणून जास्त राग आला.

लक्ष्याच्या रकान्यात अर्धा इंच लिहायला मला लाज वाटली. मी दीड लिहिला, तोही सहा महिन्यांत. बाकीच्यांनी एकापासून तीनपर्यंत लिहिलं. ओमप्रकाशनं पाव इंच लिहिला. समितीनं, म्हणजे मी, त्याचा अर्ज 'महत्त्वाकांक्षेचा अभाव' असा शेरा मारून परत पाठवला. त्यानं तोच अर्ज तसाच पुन्हा दाखल केला, पुढच्या आवक क्रमांकानं.

आळशी मात्र मी राहिलो नाही, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवा. पहाटे उठून डंबेल उचलले. भिजवलेले हरभरे खाल्ले, इतके की गाडीच्या डब्यात माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली आणि मूर्तिजापूरच्या आधीच बसायला मिळू लागलं. प्राजक्तानं वर्गात सांगितलं की आमच्या बाबांचा दंड चौदाचा साडेपंधरा होणार आहे. नव्या बाह्यांचे दोन शर्ट सूर्यभानकडे शिवायला टाकले.

डिसेंबरात सुधारित परिपत्रक आलं की फेरमोजणी तज्ज्ञाकडूनच करावी. तज्ज्ञ म्हणून शिवमला बोलावणं भाग होतं. त्यानं सर्वांना बाह्या वर करायला लावल्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पेनानं खूण केली, हात सैल सोडायला सांगितला आणि टेप कातडीला लावला. मी सव्वाअकरा भरलो. जोर लावून पाहिला, तर तो म्हणाला, "काका, सोडा." मी सोडला.

बत्तीसपैकी एकतीस कर्मचारी सहा महिने व्यायाम करून घटले होते. एकट्या ओमप्रकाशचा पाव इंच वाढला होता. एकूण घट एकाहत्तर इंच. हा तक्ता मीच तयार केला, मीच तपासला आणि वरिष्ठ कार्यालयाला मीच पाठवला.

तिकडून आठ दिवसांत उत्तर आलं. कार्यालयाच्या ताब्यातील एकाहत्तर इंच स्नायू गहाळ झाल्याची गंभीर नोंद घेण्यात आली होती. स्नायू कार्यालयीन वेळेत कमी झाले की खाजगी वेळेत, याचा खुलासा मागवला होता. फाटकावरच्या नोंदवहीत ते बाहेर नेल्याची नोंद आहे का, हेही पाहायला सांगितलं होतं. चौकीदारानं सहा महिन्यांची वही चाळली आणि तसं कुणी काही नेलं नाही असं लेखी दिलं. अभिलेखकक्षातली कपाटं उघडून झाली. शेवटी जबाबदारी निश्चित करा असा आदेश आला आणि ती सदस्य-सचिवावर निश्चित झाली. कारणे दाखवा नोटीस सदस्य-सचिवाच्या सहीनंच निघते, त्यामुळे ती मी मला बजावली. सात दिवसांत मी खुलासा सादर केला. तो मला समाधानकारक वाटला नाही, आणि तसं मी मला कळवलं.

अखेर जानेवारीत हर्षा मॅडमनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. बाई सरळ आहेत, आणि मनानं चांगल्या आहेत. त्यांनी तोडगा काढला होता. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की जूनमधलं माप चुकीच्या पद्धतीनं घेतलं गेलं, खरं माप अमुक होतं. मग गहाळ काहीच राहत नाही, उलट सगळ्यांची पाव-पाव इंच वाढ दिसते, पाव इंचाचं सुधारित लक्ष्य पूर्ण होतं आणि फाइल बंद. तीस जणांनी सकाळीच लिहून दिलं होतं. ओमप्रकाशला लिहायची गरज नव्हती. राहिलो होतो मी.

"अन् ऐका गावंडे," मॅडम म्हणाल्या. "अमरावतीची जागा रिकामी झाली हाय. पाच वाजता यादी जाते. तुमी फक्त 'जूनमध्ये अकरा इंच' एवढं लिवा. पाव इंच वाढ, लक्ष्य पूर्ण. माही सही आत्ताच होते."

त्यांनी कागद पुढे सरकवला, पेन उघडून दिला. माझ्या डोळ्यांपुढे घर आलं. संध्याकाळी सहाला घरी, पोरीसोबत जेवण, रविवारची वाट पाहणं बंद. मी 'जूनमध्ये माझा दंड' इथपर्यंत झरझर लिहिलं.

मग पेन थांबला.

हा कागद माझ्या आधी अमरावतीला जाईल. तिथला बाबू वाचेल. ओमप्रकाश आवक-जावकला त्याची नोंद करील, आणि हसणार नाही, तेच वाईट. मी मॅडमना म्हणालो की पोरीनं वर्गात सांगून ठेवलं आहे, तिला वाईट वाटेल. हे धादांत खोटं होतं. पोरगी ते कधीच विसरली होती, तिला बाप हवा होता, कितीही इंचाचा. लाज माझी मलाच वाटत होती. मी हळूच विचारलं, तेरा लिहिले तर चालेल का. मॅडम म्हणाल्या की तेरा लिहिले तर घट पावणेदोन इंच राहते. मी बारा म्हणालो.

"गावंडे, तुमी भाजी घेऊन राहिले काय?" मॅडम म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "अहो, अकरा इंचात काय वाईट हाय? माह्या घरच्यांचा दहाच हाय."

मी विचार करायला वेळ मागितला. त्यांनी पाच वाजेपर्यंत दिला. साडेचारला मी 'अकरा'मधला 'अ' लिहिला. पाच वाजता शिपाई यादी घेऊन गेला, आणि अमरावतीची जागा खामगावकडच्या एका गृहस्थाला मिळाली, ज्याचा दंड मी पाहिलेला नाही.

घरी माधवीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "एक आकडा लिवाचा होता ना हो. पोरीले मी काय सांगू?"

तुम्ही आता हसत असाल. हसा, तुमचा हक्क आहे. अकरा लिहायला काय जातं या माणसाचं, असंही म्हणत असाल. फक्त एक करा. लग्नाच्या वेळी बायोडाट्यात तुमची जी उंची लिहिली होती, ती अनवाणी, भिंतीला टेकून मोजलेली होती काय, तेवढं एका कागदावर सहीनिशी लिहून मला पाठवा. तुमचा कागद आला की त्याच दिवशी मी अकरा लिहून देतो. पाठवायचा पत्ता अकोला कार्यालयाचाच. मी इथंच आहे.