पापडाची साक्ष

आमचे घरमालक इरण्णा रोज सकाळी पापड ऐकत. खात नसत, ऐकत. तळघरात टांगलेला पापड कानाशी धरून मोडायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "वल हाय." म्हणजे भिंतीला ओल आहे. पापड कडकडून मोडला तरी निकाल तोच. फक्त पुढे "थोडी" एवढं जोडत.

सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांचं सुताचं लहानसं दुकान होतं. दुकानामागे जुनं दगडी घर, त्याच्या माथ्यावर पत्र्याच्या दोन खोल्या. त्यांत आम्ही नवरा-बायको भाड्याने राहायचो. मी शाळामास्तर. दुष्काळ सरून पाऊस बरा झाला तेव्हा सगळी पेठ हसत होती, एकटे इरण्णा सुतकी चेहऱ्याने हिंडत होते. मागच्या बोळातल्या आडाला पाणी चढलं होतं आणि दुष्काळात सुकलेल्या तळघराच्या भिंती पुन्हा पाझरायला लागल्या होत्या.

ओलीला घाबरावं तरी किती माणसाने? कुणाच्या लग्नाला गेले तर पानावर बसण्याआधी ते मांडवामागच्या भिंतीवर तळहात ठेवून बघत. एकदा मला डबा द्यायला शाळेत आले आणि भिंतीकडेची तीन पोरं उठवून वर्गाच्या मध्ये बसवून गेले. माझी मुख्याध्यापकांपुढे चांगलीच पंचाईत झाली.

त्या वर्षी मात्र भीतीला कारण होतं. होटगीला दिलेली त्यांची एकुलती एक लेक, गौरा, पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तीही ऐन वैशाखात. गौरा महिन्याची असताना तिची आई गेली. तेव्हापासून दुकानाच्या गादीवर मांडी घालून, बोंडल्याने दूध पाजून इरण्णांनीच तिला वाढवलं. डॉक्टर म्हणाले होते, बाळंतिणीला गारव्यात ठेवा. तिथल्या वैशाखात आमच्या पत्र्याखाली भाकरी भाजून निघाली असती, आणि खालच्या खोल्यांना दिवसभर ऊन. गार जागा एकच, तळघर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इरण्णांचा आड तर खराखुरा होता, भिंतीच्या पलीकडे.

हुसेनमिस्त्री कामाला लागला. जुना गिलावा दगडापर्यंत खरवडला. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून सांधे भरले, वरून परमिटवर मिळालेल्या सिमेंटचे दोन हात दिले. जमिनीत मुरूम ठोकून शहाबादी फरशी बसवली. इरण्णा चौथ्या पायरीवर बसून सगळं बघत. त्याखाली ते कधी उतरले नाहीत. पापड टांगायला मी, काढून वर आणायला मी, आणि पापड आमच्याच डब्यातले. वर्षाचं वाळवण भिंतींना वाढलं म्हणून बायको माझ्यावर धुसफुसायची.

ते खाली का येत नाहीत, यावरून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. एकदा विचारलं, खाली भूत आहे की काय? ते हसले नाहीत.

गौराला यायला पंधरा दिवस उरले आणि आडाकडच्या भिंतीवरचा पापड माझ्या हातात चादरीसारखा लोंबला. मी तो वर नेला. इरण्णांनी मोडून पाहिला, तो वाकला, मोडला नाही. आता लेकीला कुटं ठेवू, एवढंच ते पुन्हा पुन्हा पुटपुटत होते.

हुसेन म्हणाला, "सेठ, पानी अंदर से नै रुकता, बाहर से रोकना पडता." त्याने बोळात भिंतीलगत चर खणला, भिंतीला बाहेरून डांबर फासलं, चर खडीने भरला आणि पाण्याला उताराकडे वाट काढून दिली. आठवड्याने पापड कडकडून मोडायला लागला. इरण्णांचा निकाल मात्र तोच. वल हाय, थोडी. आता हा माणूस वेडा होणार, अशी मला खरंच भीती वाटायला लागली.

गौरा यायच्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उतरलो. चौथ्या पायरीवर इरण्णांच्या चपला होत्या. खाली नुसत्या फरशीवर, उघड्या अंगाने, ते पालथे पडले होते. गाल फरशीला टेकलेला. मी हाक मारली तशी ते सावकाश उठून बसले. म्हणाले, आठ दिवस झाले, रात्री हितंच निजतोय.

"अहो, पण पापड तर कडक निघतोय."

"पापडाला छाती न्हाय की, मास्तर."

मग भिंतीकडे बघत ते बोलले. "गौराच्या आईला बाळंतपनात मीच आनली हितं. वर लई ऊन हाय म्हनून. महिनाभर खोकत व्हती. इचारलं की म्हनायची, बरं वाटतंय, गार हाय." त्यानंतर या आठ रात्री सोडल्या तर ते तळघरात उतरले नव्हते.

माझी सगळी थट्टा मला आठवली आणि मान वर करवेना. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "ऐका."

रोज ते पापडाला लावत तसा मी त्यांच्या पाठीला कान लावला. श्वास स्वच्छ येत होता. त्यामागे काळीज मात्र पोरासारखं धडधडत होतं.

"कोरडी आहे, इरण्णा."

"थोडी पन वल न्हाय?"

"थोडीसुद्धा नाही."

त्यांनी मला पुन्हा ऐकायला लावलं. मग डोळे पुसून सदरा घातला आणि गौराची बाज खाली आणायला मला एका बाजूने धरायला सांगितलं.